उद्या किती वाजता?

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मी एका म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले. खोटं तसं काही मोठं नव्हतं, आमच्याकडे दिवसातून दहा वेळा बोललं जातं तेच. "सर्व्हर डाउन आहे काका, उद्या या." सर्व्हर छान चालू होता. सव्वापाच वाजले होते, माझी पर्स ऑलरेडी मांडीवर आली होती, ठरलेली गाडी चुकली की घरी जाऊन कुकर लावण्यापासून पुढचं सगळं गणित बोंबलतं, आणि काकांचं काम दोन मिनिटांचं नाही हे मला त्यांच्या हातातल्या पिशवीवरूनच कळलं होतं. ज्या माणसाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती प्लास्टिकची पिशवी परत एका कापडी पिशवीत असते त्याचं काम कधीच दोन मिनिटांचं नसतं, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

मी एका पालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलाला बसते. कुठल्या पालिकेत ते विचारू नका, ठाणे जिल्ह्यात पालिका भरपूर आहेत आणि मला नोकरी टिकवायची आहे. राहायला नेरुळला, रोजची येजा. तर काकांच्या बायकोचं नाव मंगला. मृत्यूच्या दाखल्यावर छापून आलं होतं मंगल. एक काना राहिला. हॉस्पिटलमधून आलेल्या फॉर्मवर कुणीतरी घाईत लिहिलं असणार, आमच्याकडे ते तसंच्या तसं चढलं, आणि आता आधारवर मंगला, पासबुकावर मंगला, मेल्यावर मंगल, त्यामुळे बँकवाले म्हणतात ही बाई वेगळी. यासाठी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ आहे, पुरावा बघून चुकलेली नोंद दुरुस्त करता येते, अर्ज, ॲफिडेव्हिट, आधारची झेरॉक्स, साहेबांची सही, झालं. एवढं तोंडी सांगायला तरी माझ्याकडे वेळ होता. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, उद्या या.

आणि काका म्हणाले, "उद्या म्हणजे किती वाजता?"

चिडून नाही हां. टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं, टोमण्यांना कशी उत्तरं द्यायची ते या टेबलावर बसून आपोआप येतं. काकांनी शर्टाच्या खिशातून एलआयसीची छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं, आणि माझ्याकडे बघत थांबले. डेंटिस्टकडे अपॉइंटमेंट घेताना माणूस जसा थांबतो तसे. मी काय बोलणार, म्हटलं साडेदहा. त्यांनी लिहिलं, बुधवार, १०.३०. मग मान वाकडी करून माझ्या टेबलावरची पाटी वाचली आणि त्यावरचा नंबरही खाली लिहून घेतला. "येतो मॅडम," म्हणाले आणि दोन पिशव्या एकमेकींत घालत गेले.

गाडी मिळाली. ठाण्याला दहा नंबरवर पनवेल लागलेली होती, विंडो नाही पण चौथी सीट मिळाली. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, घणसोलीला नेहमीची गर्दी उतरली, शेजारची मुलगी मोबाईलवर सिरियल बघत होती, आणि माझ्या डोक्यात ते वाक्य एखाद्या सैल नळासारखं ठिबकत राहिलं. उद्या म्हणजे किती वाजता. तुर्भे आलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली. हा प्रश्न माझाच होता. मी तो नऊ वर्षांची असताना मस्कतमध्ये बाबांना विचारला होता.

आम्ही १९८६ ला तिकडे गेलो तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे मला आठवतं तिथपासून मस्कतच आहे. बाबा एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरला होते, सिमेंट, सळया, हेल्मेटं, सगळ्याची आवक-जावक. रुवीमधे दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीत एसी, एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली आईने बादली लावलेली आणि ते पाणी तुळशीला. जूनमधे दुपारी बाहेरच्या दरवाज्याच्या कडीला हात लावला की चटका बसायचा. संध्याकाळी खालच्या कॅफेटेरियातून पराठा यायचा, त्यात चिप्स ओमानचं पाकीट चुरून घालून गुंडाळी करायची, सोबत कडक चहा, माझ्या जिभेला लहानपणाची चव विचाराल तर वरणभाताआधी ही येते, आईला वाईट वाटतं पण खरं आहे. पैशाला तिकडे बैसा म्हणायचे. एक हजार बैशांचा एक रियाल. १९७० पर्यंत तिथे आपल्या रिझर्व्ह बँकेनेच काढलेला गल्फ रुपया चालायचा, त्यातला पैसाच तो, नावाने मागे राहिलेला, आणि बाबा नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे इतक्या अभिमानाने सांगायचे की जणू त्या नोटांवर सही यांचीच होती.

आणि पताका. लेबर कार्डाला आमच्याकडे सगळे पताका म्हणायचे. मूळ अरबी शब्द बताका, म्हणजे साधं कार्ड, पण आपल्या लोकांच्या तोंडात पताका बसलं होतं. मला लहानपणी वाटायचं की बाबांच्या पाकिटात गणपतीतल्यासारखी रंगीत पताका घडी करून ठेवलेली आहे आणि ती हरवली तर आपल्याला देशाबाहेर काढतील. दुसरा भाग बरोबरच होता म्हणा.

तर त्या दिवशी माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा रिन्यू करायचा होता. शाळेला कसली तरी सुट्टी होती म्हणून बाबा मला घेऊन गेले. कचेरी गार होती, फरशी चकचकीत, भिंतीवर सुलतान काबूस यांचा फोटो, आणि लायनीत सगळे आपल्यासारखेच, मल्याळी, बांगलादेशी, पाकिस्तानी, सगळ्यांच्या हातात तशाच पिशव्या. प्लास्टिकच्या आत प्लास्टिक. खिडकीत एक तरुण ओमानी, इस्त्रीची पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीकामाची कुम्मा टोपी, आणि काचेखालच्या फटीतून त्याच्या ऊद अत्तराचा वास बाहेर येत होता. वाईट माणूस अजिबात नव्हता तो. माझ्याकडे बघून हसला सुद्धा. त्याने कागद चाळले, एक बाजूला काढून बघितला, परत आत घातला, गठ्ठा फटीतून सरकवला आणि म्हणाला, "बुकरा, रफीक." बुकरा म्हणजे उद्या, रफीक म्हणजे मित्र. बाबा म्हणाले, "शुक्रान, शुक्रान." आभार मानले, दोनदा. बाबा साइटवर मजुरांवर ओरडायचे तो आवाज मी ऐकलेला होता, सुपरवायझर सुद्धा टरकून असायचे, आणि हा आवाज वेगळाच होता, जरा वरच्या पट्टीतला, आणि त्याबरोबर एक हसू होतं जे मी घरी कधी बघितलं नव्हतं. गाडीत बसलो, सीट फ्रॉकमधून पोळत होती, मी विचारलं, "बाबा, उद्या किती वाजता?"

बाबा हसले. "ते विचारायचं नसतं, मनू."

त्या कामासाठी ते एकूण तीनदा गेले, तिन्ही वेळा मुदीरकडून, म्हणजे त्यांच्या साहेबाकडून, अर्ध्या दिवसाची रजा मागून. मग घरात बुकरा हा जोकच झाला. आईने गॅस संपत आलाय म्हटलं की बाबा म्हणायचे बुकरा. मी गणितं कधी सोडवणार, बुकरा. आणि मी आणि माझा धाकटा भाऊ एक खेळ खेळायला लागलो. डायनिंगच्या खुर्चीची पाठ म्हणजे खिडकी, दांड्यांच्या मागे मी बसायचे, आईची ओढणी डोक्याला, हातात खोडरबरचा शिक्का, आणि भाऊ जुने टेलिफोनचे बिल वगैरे घेऊन लायनीत उभा राहायचा, एकटाच. मी कागद बघायचे, परत द्यायचे, म्हणायचे बुकरा रफीक. तो रडकुंडीला यायचा. त्या खेळात मी त्याचं काम एकदाही करून दिल्याचं मला आठवत नाही.

लोकसेवेची माझी सुरुवात ही अशी.

हे मी मुलाखतीत मात्र कधी सांगितलं नाही. २००१ मधे दहावी झाल्यावर आई आम्हाला घेऊन नेरुळला आली, बाबा तिकडेच राहिले, आणि पुढे बीए करता करता मी यूपीएससीचं मनावर घेतलं. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, १९८७ पासूनची, तिथे जायला लागले. रोज नेरुळ ते ठाणे. सीडी देशमुखांची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ. रायगड जिल्ह्यातल्या नाते या गावात जन्म, केंब्रिज, १९१८ ला लंडनमधे आयसीएसला पहिले, मग रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ ला मंत्रिपदाचा राजीनामा. माझ्याबरोबरची मुलं शहापूर, मुरबाड, डहाणूहून आलेली, त्यांना त्यातलं महाडजवळचं खेडं दिसायचं. मला लंडन दिसायचं. म्हणजे मी स्वतःशी अशी जुळणी करून टाकली होती की बघा, बाहेर राहून आलेला माणूसही इथलंच काम करतो. तोंडाने बोलायचे नाही कुणाशी, पण मनात चाललेलं असायचं, वय होतं ते.

ग्रुपमधे मला मस्कत म्हणूनच हाक मारायचे. ए मस्कत, चहा आण. माझं मराठी बोलणं घरचं, पण लिहिणं भयंकर, शाळेत दुसरी भाषा हिंदी होती ना, ऱ्हस्व दीर्घ म्हणजे मला लॉटरी. एका मैत्रिणीने, ती मुरबाडची, लायब्ररीत बसून मला वेलांट्या शिकवल्या आणि त्या बदल्यात मी तिचं इंग्लिश. तिने पहिल्या झटक्यात एमपीएससी काढली. मी यूपीएससीची प्रिलिम एकदा पास झाले, मेन्स कधीच नाही, त्यामुळे खऱ्या इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेच नाही. पण मॉक इंटरव्ह्यू झाला होता एक. रिटायर्ड अधिकारी होते समोर, त्यांनी हमखास येणारा प्रश्न विचारला, परदेशात वाढलात, मग प्रशासनात का यायचंय? माझं उत्तर तयार होतं. म्हटलं सर, तिकडे गाडी धुळीने माखलेली दिसली तरी दंड होतो, १९७० मधे ज्या देशात जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता तिथे पंचवीस-तीस वर्षांत मी रस्ते, पाणी, दवाखाने उभे राहिलेले बघितले, ते पाहून मला वाटलं की आपल्याकडेही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रस्ते आवडलेत तुम्हाला. माणसांचं काय?"

मला काही सुचलं नाही तेव्हा. खूप वर्षांनी, म्हणजे खरंतर या मंगळवारच्या गाडीतच, जुईनगरच्या आसपास, मला सुचलं की मी तेव्हा निझवाचं सांगायला हवं होतं.

सहावीत असताना आमची सहल ओमानमधल्याच निझवा गावाला गेली होती. तिथे फलज असतात, डोंगराच्या पोटातून पाणी काढून आणणारे पाट, शेकडो वर्षांचे, पुढे २००६ मधे त्यातले पाच युनेस्कोच्या यादीत गेले. खजुराच्या बागेत पाण्यात पाय सोडून बसलो होतो, बारीक मासे येऊन टाचा कुरतडत होते आणि आम्ही किंचाळत होतो. गाईडने पुढे एका उघड्या जागेवर नेलं. जमिनीत एक काठी उभी रोवलेली आणि आजूबाजूला खुणेचे दगड. बस, एवढंच. पाटाचं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ जाणार ते त्या काठीच्या सावलीवर ठरायचं. सावली या दगडावर आली की याचं पाणी बंद, त्याचं चालू. रात्री तेच काम चांदण्यांवर. त्यांचं एक माप होतं, अथर, साधारण अर्ध्या तासाचं. तिथे एक म्हातारा बसला होता, पाय पसरून, हातात काठी, काही करत नव्हता, आणि मला त्याची गंमत वाटली म्हणून मी गाईडला विचारलं हे आजोबा काय करतात. गाईड म्हणाला, पाळी कुणाची ते सांगतात. एवढंच? एवढंच. एक माणूस आला, सायकल टेकवली, आजोबांना काहीतरी विचारलं, त्यांनी सावलीकडे बघितलं, दोन बोटं दाखवली, आणि तो निघून गेला. मला अरबी पोटापुरतं यायचं. त्याने काय विचारलं ते कळायला पोटापुरतं पुरेसं होतं.

आता हे सगळं आत्ता लिहिताना छान जुळतंय म्हणून तेव्हा मला फार काही उमगलं होतं असं नाही. तेव्हा माझं सगळं लक्ष माशांकडे होतं. शिवाय त्या पाण्यात पाळी त्यांचीच होती, ज्यांच्या बागा होत्या त्यांची. टीव्हीवर दर वर्षी सुलतानांचा दौरा दाखवायचे, गाड्यांचा ताफा वाळवंटात जायचा, तंबू लागायचे, मंत्री सोबत, आणि गावोगावचे लोक येऊन जमिनीवर बसायचे, एखादा म्हातारा उठून थेट सुलतानांच्या हातात अर्ज द्यायचा. मला ते बघायला जाम आवडायचं. माणूस उठतो, कागद देतो, राजा वाचतो. मी एकदा बाबांना म्हटलं आपण पण देऊया ना अर्ज, त्या व्हिसाचा. बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "ते त्यांच्यासाठी आहे गं. आपण पाहुणे." बावीस वर्षं पाहुणे. कुणी वाईट वागवलं नाही, ईदला वरच्या मजल्यावरून हलवा आणि खजूर यायचे, माझा हात मोडला तेव्हा सरकारी दवाखान्यात जी काळजी घेतली ती मी विसरणार नाही. पण बाबांनी त्या बावीस वर्षांत एकही तक्रार केली नाही. लिफ्ट बंद असली तरी नाही. आणि ते चकचकीत रस्ते पहाटे झाडायला कोण होतं, तर बलदियाच्या, म्हणजे तिकडच्या पालिकेच्या, कपड्यातली बांगलादेशातली, आपल्याकडची मुलं, पहाटे सुद्धा घामाने निथळलेली. ती पण पाहुणीच. इथे आल्यावर लोक म्हणायचे तिकडे काय स्वच्छता ना, आणि मी हो हो म्हणायचे.

जून २००७ मधे तिकडे गोनू चक्रीवादळ आलं. बाबांच्या कंपनीच्या स्टोअरमधे छातीएवढं पाणी. दोन दिवस फोन लागला नाही, तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, सगळं ठीक, देवाची कृपा, गालिचे वाळत घातलेत. मला २६ जुलै २००५ आठवला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता तो, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे गुडघाभर पाण्यात उभं राहून काका-काकू लोक दिसेल त्याला शिव्या देत होते, सरकार, ढग, बिल्डर, वॉचमन. आई तेव्हा गॅलरीतून बघत म्हणाली होती, किती बरं वाटतं नाही हे ऐकून. मी तिच्याकडे बघत राहिले होते.

बाबा २००८ मधे कायमचे परत आले आणि त्यांचा कायापालट झाला. एप्रिल २००९ मधे लोकसभेला त्यांनी नेरुळमधे मतदान केलं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. त्याआधी एनआरआयला मतदार यादीत नाव घालायची सोयच नव्हती, कायदा बदलून ती सोय आली २०११ मधे. शाई लागलेलं बोट ते आठवडाभर असं धरून फिरत होते की आम्हाला वाटलं लागलंय काहीतरी. आणि मग तक्रारी. कोपऱ्यावरचा दिवा गेला, अर्ज. झाडाची फांदी वायरीवर आली, अर्ज. त्यांनी एक लाल रजिस्टर केलंय, अगदी स्टोअरच्या पद्धतीने, तारीख, विषय, कुणाकडे दिला, इनवर्ड नंबर, पुढे काय झालं. दिवा लागला, फांदीही कापली, तर त्यांना किंचित वाईटच वाटलं, पुढचा अर्ज कशाचा करायचा म्हणून. मग सोसायटीच्या कमिटीच्या मागे लागले, टाकी धुतल्याची तारीख बोर्डावर का लावत नाही. पोचशिक्का असलेली झेरॉक्स हातात आली की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी मस्कतमधे कधी बघितलं नाही. आई म्हणते बावीस वर्षांचं साठलेलं आहे, निघू दे.

आणि मी याच सुमाराला पालिकेची भरती निघाली, त्यात लागले. कलेक्टर व्हायला निघाले होते ती टेबलाला बसले. सुरुवातीला रडले, खोटं कशाला बोलू. मग आवडायला लागलं. लोक बारशाचे पेढे घेऊन येतात. काही जण दाखला हातात घेऊन तिथेच खुर्चीवर बसतात आणि बराच वेळ उठत नाहीत, त्यांना उठा म्हणायचं नसतं हे मला कुणी शिकवलं नाही, मी शिकले. म्हणजे मी अगदीच वाईट नाही हो. आमच्या दाराबाहेर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड आहे, कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, अपील कुणाकडे, सगळं लिहिलेलं. दिवस लिहिलेत. वाजता लिहिलेलं नाही, आणि सव्वापाचची माणसं त्या फटीतच सापडतात.

त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं. पंच्याहत्तरीचे आहेत आता, कान जरा कमी, त्यामुळे मला ते दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने सांगताना ते जास्त वाईट ऐकू आलं. मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर रजिस्टर काढून माझंच नाव लिहितील. ते हसायला लागले. अगदी खोकला येईपर्यंत. "बुकरा!" म्हणाले. "बुकरा रफीक!" आई पण हसली. भावाला व्हिडिओ कॉल लावला, तो हल्ली दोह्याला असतो, त्याची पोरगी मागे अरबी कार्टून बघत होती, तो म्हणाला ताई मी तेव्हापासून सांगतोय हिला कामावर घेऊ नका. सगळे हसले. मी पण. भांडी आवरताना बाबा पाणी प्यायला आत आले आणि ग्लास धरून उभे राहिले. "त्या पोराला, खिडकीतल्या," म्हणाले, "मला विचारायचं होतं गं. तीनही वेळा तोंडात आलं होतं." आणि गेले झोपायला.

रात्री झोप नाही लागली धड. मला राहून राहून खुर्चीची ती पाठ दिसत होती. नऊ वर्षांच्या पोरीला काचेच्या पलीकडे जायचं होतं, हे नक्की. पण तिला तिकडे जाऊन काय करायचं होतं, बुकरा बंद करायचं होतं की आपल्या तोंडाने म्हणायचं होतं? इतकी वर्षं मी पहिलं धरून चालले होते.

बुधवारी मी पावणेदहाला टेबलावर. साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना काका आले. आज इस्त्रीचा शर्ट. प्लास्टिकच्या पिशवीतून सगळं काढून ओळीने मांडलं, आधार, पासबुक, लग्नाची पत्रिका सुद्धा, १९७४ ची, पिवळी पडलेली, वर गणपती आणि खाली चि. सौ. कां. मंगला. पत्रिकेची गरज नव्हती. मी ती बाजूला ठेवली नाही. लॉगइन केलं.

सर्व्हर डाउन होता.

खरंच डाउन होता. गोल गोल फिरत होतं नुसतं. मी काकांकडे बघितलं, मग मॉनिटर दोन्ही हातांनी धरून त्यांच्या बाजूला वळवला, वायर ताणली गेली, पेनस्टँड पडला, शेजारच्या टेबलवरचा सहकारी म्हणाला अहो काय करताय. काकांनी चष्मा लावून त्या फिरणाऱ्या गोलाकडे नीट बघितलं. "मग किती वाजता येऊ?" मी म्हटलं, "कुठे जाऊ नका, बसा, चालू झाला की लगेच." आतून खुर्ची आणून दिली. चहा आला तेव्हा एक कटिंग त्यांना. तोपर्यंत मी त्यांचा अर्ज हाताने लिहून ठेवला, ॲफिडेव्हिट कोपऱ्यावरच्या नोटरीकडून कसं घ्यायचं ते सांगितलं, ते जाऊन घेऊन पण आले. सव्वाबाराला सर्व्हर आला. नोंद उघडली, साहेबांकडे फाईल स्वतः नेली, सही आणली, आणि मंगल या शब्दाच्या शेवटी कर्सर नेऊन काना दिला. मॉनिटर अजून त्यांच्याकडेच वळलेला होता, मला मान तिरकी करून टाईप करावं लागत होतं. काका पुढे वाकून बघत होते. ओठ हलले त्यांचे, मनात वाचत असावेत.

प्रिंट काढून दिली. त्यांनी ती आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापडी पिशवीत घातली. डायरी काढली, बुधवारच्या पानावर १०.३० समोर टिक केली. पेन बंद करता करता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "काल पण डाउनच होता का हो?"

मी म्हटलं, "नाही काका. चालू होता."

त्यांनी मान डोलावली. पेन परत उघडलं आणि त्या टिकेच्या शेजारी काहीतरी लिहिलं, बराच वेळ, बारीक अक्षरात. माझ्या बाजूने ते उलटं होतं, मला वाचता आलं नाही.